साडेपाचची नायिका आणि आमचे मत

भारताचे घड्याळ सौदीच्या घड्याळापेक्षा अडीच तास पुढे आहे. ही गोष्ट तशी क्षुल्लक, पण अल-खोबरमधल्या आमच्या संसाराला या अडीच तासांनी एक वेगळेच वळण लावले. पुण्या-सांगलीत रात्री आठला, जेवणाची पाने मांडता मांडता बघायची मालिका आमच्याकडे साडेपाचला लागायची. सातची मालिका साडेचारला. त्या वेळी नवरे ऑफिसात किंवा परतीच्या बसमध्ये आणि मुले गृहपाठात. बाहेर ऊन अजून तळपत असायचे आणि घरात चहाचे आधण ठेवून आम्ही बायका टीव्हीसमोर. म्हणजे महाराष्ट्रात जी 'प्राइम टाइम'ची नायिका, ती इथे आमच्यासाठी दुपारचीच नायिका होती. तिच्यावर आमचा हक्क थोडा अधिक आहे असे आम्हांला वाटे, कारण त्या वेळी घरात दुसरे कोणीच बोलायला नसे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका साडेपाचला पडद्यावर आवाहन झळकले. वार्षिक पुरस्कारांची वेळ आली होती. तुमच्या लाडक्या नायिकेला मत द्या, अमुक नंबरवर मिस्ड कॉल द्या! मी उत्साहाने मोबाइल उचलला. नंबर लागेना. शून्य लावून पाहिला, शून्य काढून पाहिला, पुढे ९१ लावून पाहिला. मग सांगलीला आईला फोन केला, "आई, माझ्या वतीने तू मत दे." आईने लगेच दिले. रात्री सहज विचारले, कोणाला दिलेस? तर म्हणाली, "तू सांगितलेली मला नाही आवडत बाई. फार रडते. मी माझ्या आवडीच्या मुलीला दिलं."

आमच्या घरात हा किस्सा अजून हसून सांगितला जातो. पण हसून झाल्यावर मनात एक प्रश्न उरला. पुरस्कार देताना निवेदक मोठ्या आवाजात म्हणतात, हा प्रेक्षकांचा कौल आहे. हे प्रेक्षक म्हणजे नेमके कोण? त्यांची मोजदाद कोणी केली, कशी केली? आणि रोज न चुकता पाहणाऱ्या आम्ही त्यात कुठे होतो? त्या प्रश्नाच्या मागे जाता जाता जो इतिहास हाती लागला, तो वाचकांपुढे मांडते.

साबणाच्या वड्यांपासून

दुपारच्या मालिकांचा जन्म अमेरिकेतला, आणि तोही टीव्हीवर नव्हे, रेडिओवर. १९३० मध्ये शिकागोच्या एका केंद्रावर इर्ना फिलिप्स या लेखिकेची 'पेंटेड ड्रीम्स' ही रोजची श्रुतिका सुरू झाली. पुढे प्रॉक्टर अँड गँबलसारख्या साबण करणाऱ्या कंपन्यांच्या लक्षात आले की दुपारी घरात जी बाई असते, तीच घरातला साबण विकत घेते. तिला रोज खिळवून ठेवणारी गोष्ट सांगितली की मधूनमधून साबणाचे नावही कानावर घालता येते. 'सोप ऑपेरा' हे चेष्टेचे नाव त्यातून पडले ते कायमचे. याच लेखिकेची 'गायडिंग लाइट' ही मालिका १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, टीव्हीवर गेली आणि थेट २००९ मध्ये संपली. बहात्तर वर्षे! आपल्याकडच्या चार-पाच वर्षांच्या मालिकेला 'संपवा आता' म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

या मालिकांना प्रतिष्ठा मात्र उशिरा मिळाली. १९७४ मध्ये दुपारच्या कार्यक्रमांसाठी वेगळे एमी पुरस्कार सुरू झाले. ते व्यवसायातली जाणकार मंडळी देतात. पुढच्याच वर्षी 'सोप ऑपेरा डायजेस्ट' हे नियतकालिक निघाले आणि १९७७ पासून त्याने आपल्या वाचकांच्या मतांवर पुरस्कार द्यायला सुरुवात केली. एकाच अभिनेत्रीला तोलणारे दोन तराजू उभे राहिले, एक जाणकारांचा आणि एक चाहत्यांचा.

या दोन तराजूंतले अंतर कळण्यासाठी सुझन लुची यांचे उदाहरण पुरेसे आहे. 'ऑल माय चिल्ड्रन' या १९७० साली सुरू झालेल्या मालिकेतली त्यांची एरिका केन घराघरांत पोचली होती. १९७८ मध्ये त्यांना एमीचे पहिले नामांकन मिळाले. नामांकने येत राहिली, पुरस्कार मात्र हुलकावणी देत राहिला. शेवटी १९९९ मध्ये, एकोणिसाव्या नामांकनाला तो मिळाला, तेव्हा सभागृह उठून उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. जाणकारांना एकवीस वर्षे लागली. प्रेक्षकांनी आपले मत केव्हाच दिलेले होते.

कूपन, पोस्टकार्ड आणि एसएमएस

प्रेक्षकांनी मत देण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. उलट या बाबतीत मुंबई 'सोप ऑपेरा डायजेस्ट'च्या पुढे होती. 'फिल्मफेअर'चे पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले ते वाचकांच्या मतांवरच. देशभरातून वीस हजारांहून अधिक वाचकांनी मते पाठवली, २१ मार्चला मुंबईच्या मेट्रो चित्रपटगृहात समारंभ झाला आणि पहिली सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली 'बैजू बावरा'ची मीनाकुमारी. निवड उत्तमच होती. पण 'फिल्मफेअर' हे इंग्रजी पाक्षिक. गिरगावातल्या चाळीत 'बैजू बावरा' तीनदा पाहून आलेल्या, पण इंग्रजी न येणाऱ्या आजीबाईंपर्यंत ते कूपन पोचले असेल का?

रेडिओवर थोडी अधिक मोकळीक होती. नभोवाणीमंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपले मराठी गृहस्थ, यांनी आकाशवाणीवरून चित्रपटसंगीताला जवळजवळ हद्दपार केले तेव्हा लोकांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. १९५२ च्या डिसेंबरमध्ये अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि पुढे ती गाण्यांचे क्रमांक लावू लागली. रेकॉर्डच्या विक्रीबरोबर गावोगावच्या श्रोता संघांचे कौलही त्यात धरले जात. घरात बंदी आली की माणसे सीमेपलीकडच्या लहरी पकडतात. ही गोष्ट वाचकांनी मनात ठेवावी, पुढे सौदीत ती पुन्हा भेटणार आहे.

मग दूरदर्शन आले. नव्वदच्या दशकात रेणुका शहाणे आणि सिद्धार्थ काक यांच्या 'सुरभि'ला एका आठवड्यात चौदा लाख पत्रे आल्याची नोंद आहे. पंधरा पैशांच्या कार्डावर हा डोंगर उचलणे पोस्टखात्याला परवडेना, म्हणून अशा स्पर्धांसाठी दोन रुपयांचे वेगळे कार्ड काढावे लागले. मताला पहिल्यांदा किंमत लागली ती अशी. पुढे मोबाइल आला. २००५ च्या मार्चमध्ये आपला अभिजित सावंत पहिला 'इंडियन आयडॉल' झाला, तेव्हा एसएमएसचे युग आपल्याकडे खऱ्या अर्थाने अवतरले. कूपन गेले, कार्ड गेले, अंगठ्याने मत देता येऊ लागले. पण प्रत्येक साधनाने कोणाला तरी आत घेतले आणि कोणाला तरी बाहेर ठेवले. कूपनाला इंग्रजी हवे, कार्डाला दोन रुपये आणि लिहिता येणारा हात हवा, एसएमएसला भारतातला मोबाइल हवा.

सून, सासू आणि नायिका

आपल्याकडे दुपार काबीज केली ती दूरदर्शनच्या 'शांती'ने. १९९४ मध्ये मंदिरा बेदीची शांती रोज घरात येऊ लागली आणि पुढच्या वर्षी 'स्वाभिमान' आली, जिच्या लेखनात शोभा डे होत्या. मराठीत प्रतीक्षा लोणकर यांची 'दामिनी' आली. रोज भेटणारी पहिली मराठी मालिका म्हणून तिचे नाव घेतले जाते. १५ ऑगस्ट १९९९ ला 'अल्फा मराठी' सुरू झाली, जी २००५ मध्ये 'झी मराठी' झाली. तिच्यावरच्या 'आभाळमाया'तली सुकन्या कुलकर्णी यांची सुधा जोशी अनेक घरांतल्या बायकांना आपली वाटली.

या तिन्ही-चारही नायिका आठवून पाहा. शांती आणि दामिनी पत्रकारितेत, सुधा प्राध्यापकी पेशात. त्यांना घराबाहेरचे एक काम होते आणि गोष्ट त्या कामाभोवती फिरत असे. २००० च्या जुलैत 'क्योंकि सास भी कभी बहू थी' आली आणि वारे फिरले. स्मृती इराणींची तुलसी घराच्या आत राहून राज्य करू लागली. याच सुमारास टीव्हीचे पुरस्कारही बोकाळले. काहींनी अमेरिकेसारखेच जाणकारांचा आणि लोकप्रियतेचा असे दोन वेगळे पुरस्कार ठेवले. वाहिन्यांनी मात्र स्वतःच्याच मालिकांसाठी घरगुती सोहळे सुरू केले, आणि तिथे एक गंमत झाली.

ती गंमत पुरस्कारांच्या नावांत आहे. सर्वोत्कृष्ट नायिका असतेच, पण तिच्याबरोबर सर्वोत्कृष्ट सून, सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट जोडी, सर्वोत्कृष्ट कुटुंब! मत द्यायचे ते अभिनयाला नव्हे, नात्याला. सून म्हणून कोण चांगली, हे ठरवताना मतदार आपल्या घरातल्या सुनेचा, किंवा स्वतःच्या सूनपणाचा हिशेब मांडत असतो. माझ्या आईने जे केले ते यात बसते. "फार रडते" हा अभिनयावरचा शेरा नव्हता. मुलीने असे रडत बसू नये, हे तिचे मत होते.

म्हणूनच या मतांना मी उथळ म्हणायला तयार नाही. 'माझ्या नवऱ्याची बायको' २०१६ पासून २०२१ पर्यंत चालली. अनिता दाते यांची राधिका वऱ्हाडी ढंगात बोलणारी, नवऱ्याने फसवलेली, मग मसाल्यांचा धंदा उभा करणारी. तिच्या कंपनीच्या कोटींच्या आकड्यांवर लोकांनी भरपूर विनोद केले. पण आमच्या कंपाउंडमधल्या बायका ते विनोद ऐकून हसत आणि साडेपाचला राधिकाच पाहत. २०१९ च्या डिसेंबरात 'आई कुठे काय करते' आली. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती आधी घराला जुंपलेली, मग हळूहळू स्वतःचे गाणे शोधणारी. २०२४ मध्ये ही मालिका भारतातच दुपारी अडीचला गेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर संपली. नोकरी सोडून नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला राधिका-अरुंधतीत काय दिसत होते, हे वेगळे सांगायला नको. मी स्वतः १९९३ मध्ये बँकेतली नोकरी सोडून इथे आले.

या वाळूत टीव्ही

आता थोडे या देशाविषयी. इथला टीव्हीचा इतिहास आपल्या अंगणातच सुरू झाला हे अनेकांना ठाऊक नसते. १९५७ मध्ये दहरानला अरामको कंपनीने स्वतःचे दूरचित्रवाणी केंद्र सुरू केले. मुंबईच्या दूरदर्शनच्या पंधरा वर्षे आधी! सरकारी टीव्ही रियाध आणि जेद्दाहला १९६५ मध्ये आला. पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रपटगृहे बंद झाली ती पस्तीसेक वर्षे. आम्ही आलो तेव्हा करमणूक म्हणजे व्हिडिओ कॅसेट. कोणी सुट्टीवरून आले की बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी रेकॉर्ड केलेले भाग असायचे. एक कॅसेट दहा घरे फिरून परत येईपर्यंत तिच्यावर पाऊस पडू लागलेला असे. १९९४ मध्ये डिश अँटेनांवर बंदी आली, पण गच्च्यांवरच्या थाळ्या काही कमी झाल्या नाहीत. केसकरांच्या काळातल्या सिलोनची आठवण व्हावी असेच हे होते.

मत देण्याचे प्रकरण इथे फार गंभीर होते. लेबनॉनहून 'स्टार अकादमी' हा गाण्याचा स्पर्धात्मक कार्यक्रम सुरू झाला आणि अरब तरुणाईला वेड लागले. तेव्हा, २००४ मध्ये, सौदीतल्या वरिष्ठ धर्मपंडितांच्या समितीने फतवा काढला. तो कार्यक्रम पाहणे, त्यावर बोलणे, त्यात भाग घेणे आणि त्यासाठी मत देणे, सारेच निषिद्ध. टीव्हीवरच्या गायकाला मत देण्यात एवढे काय, असे आपल्याला वाटेल. पण मत द्यायची सवय ही मोठी गोष्ट आहे, हे त्या पंडितांना आपल्यापेक्षा जास्त कळले होते असे मला वाटते.

२००८ मध्ये 'नूर' आली. मूळची तुर्की मालिका, सीरियाच्या बोलीत डब केलेली. सोंगुल ओदेन यांची नूर कष्टाने फॅशनच्या व्यवसायात उभी राहते आणि नवरा तिच्या पाठीशी उभा राहतो. धर्मपीठाने नापसंती जाहीर करूनही ३० ऑगस्टचा शेवटचा भाग अरब जगात साडेआठ कोटी लोकांनी पाहिला, असा वाहिनीचा दावा होता. आमच्या शेजारच्या सौदी बाईंनी त्या काळात माझ्या मैत्रिणीला विचारले होते, "तुमच्याकडचे नवरे असे असतात का?" ती म्हणाली, "आमच्याकडेही असे फक्त मालिकेतच असतात." दोघी मनापासून हसल्या. पुढे हिंदी मालिकाही अरबीत डब होऊन इथल्या घरांत शिरल्या आणि बोलायला आणखी एक विषय मिळाला.

२०१० मध्ये अबूधाबीच्या 'मिलियन्स पोएट' या काव्यस्पर्धेत हिस्सा हिलाल ही सौदी कवयित्री, नखशिखांत बुरख्यात, अंतिम फेरीपर्यंत पोचली आणि तिसरी आली. त्या स्पर्धेत परीक्षकांच्या गुणांबरोबर प्रेक्षकांची मतेही धरली जातात. ज्या बाईला मते मिळाली, तिला स्वतःच्या देशात अजून नगरपालिकेसाठीही मत देता येत नव्हते. तो हक्क सौदी स्त्रियांनी पहिल्यांदा १२ डिसेंबर २०१५ ला बजावला. २०१८ च्या एप्रिलमध्ये चित्रपटगृह पुन्हा उघडले, जूनमध्ये बायका गाडी चालवू लागल्या. आणि २०२० मध्ये खुद्द रियाधमध्ये 'जॉय अवॉर्ड्स' सुरू झाले. गाणे, चित्रपट, मालिका, आणि त्यात आवडती अभिनेत्रीसुद्धा! विजेते ठरतात ते चाहत्यांनी ॲपवरून दिलेल्या मतांवर. सन्मानाच्या पुरस्कारांसाठी आपल्याकडचे सलमान खान, आलिया भट्टही तिथे येऊन गेले. ज्या देशात २००४ मध्ये टीव्हीसाठी मत देणे निषिद्ध ठरले होते, तिथे आता सरकारच लोकांना मत द्या म्हणते.

या बदलाने हुरळून जावे असे नाही. उत्सव सरकारी आहे, नामांकने वरून येतात आणि आवडती नटी निवडणे म्हणजे राज्यकर्ता निवडणे नव्हे. पण जिला आयुष्यभर 'तुला काय आवडते' असे कोणी विचारले नाही, तिला कोणीतरी विचारले. ही गोष्ट लहान नाही.

बिस्किटांच्या डब्यातली निवडणूक

आता आमच्या स्वतःच्या निवडणुकीविषयी सांगून संपवते.

मिस्ड कॉलचा तो फजितवाडा झाल्यानंतरच्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होते. वीस-बावीस जणी जमल्या. कोल्हापूरच्या, नागपूरच्या, डोंबिवलीच्या. खालच्या मजल्यावरच्या चिपळूणच्या आपाही होत्या. त्यांच्या घरी कोकणी बोलतात, पण मराठी मालिका त्यांनी कधी चुकवली नाही. तिळगूळ वाटता वाटता मी माझी कथा सांगितली, तर निम्म्या जणी म्हणाल्या, "अगं, आमचाही नंबर नाही लागला!" मग जोशीकाकूंनी बिस्किटांचा रिकामा डबा पुढे ठेवला. म्हणाल्या, "लिहा चिठ्ठ्या. नायिकेचं नाव आणि का आवडते ते एका ओळीत."

मोजणी आपांनी केली. निकाल टीव्हीवरच्या निकालाशी जुळला नाही. पण मला लक्षात राहिल्या त्या कारणांच्या ओळी. एकीने लिहिले होते, 'ती सासूला उलट बोलते पण जेवायला वाढून मगच.' एकीने, 'तिला गाडी येते.' एका चिठ्ठीवर चालू मालिकेतले नावच नव्हते. तिथे लिहिले होते, 'दामिनी, प्रतीक्षा लोणकर.' थोड्या जणी हसल्या. ती मालिका संपून वर्षे झाली होती, हे मत बाद करायचे की धरायचे यावर वाद झाला. मग जिची चिठ्ठी होती तीच बोलली. "ती सकाळी पर्स घेऊन कामाला जायची. मीपण जायचे तेव्हा. म्हणून." त्यावर कोणी काही बोलले नाही. आपांनी ती चिठ्ठी मोजलेल्या चिठ्ठ्यांत ठेवली.

मोजणाऱ्याला फक्त आकडा हवा असतो. कूपन असो, कार्ड असो की ॲप, त्याला 'का' विचारायला सवड नसते. आणि आमच्यासारख्या, मायदेशाच्या यादीतून वगळलेल्या आणि इथल्या यादीत न आलेल्या बायकांचा तर आकडाही कुठे नाही. या देशात भारतीय वीस लाखांच्या वर आहेत. त्यांतल्या मराठी घरांत तीस-चाळीस वर्षे दुपारी काय पाहिले गेले, कोणत्या नायिकेने कोणाला धीर दिला, याची नोंद कोणतीही वाहिनी ठेवणार नाही. ती आपणच ठेवली पाहिजे. मंडळाच्या स्मरणिकांत गणपतीचे, नाटकाचे, क्रिकेटचे फोटो असतात. एक पान या चिठ्ठ्यांनाही द्यावे. येत्या संक्रांतीला प्रत्येक गावच्या हळदीकुंकवात एक डबा ठेवावा. इथेच जन्मलेल्या, तुर्की आणि कोरियन मालिका पाहणाऱ्या मुलींनाही लिहू द्यावे, आणि त्यांचे 'का' आपण वाचावे.

आमचा तो डबा मी अजून जपून ठेवला आहे. झाकण थोडे गंजले आहे. आई आता नाही. गेल्या वर्षी आवराआवर करताना चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या आणि वाटले, तिचे मत यात टाकायचे राहिले. एका कागदावर मी तिच्या आवडीच्या नायिकेचे नाव लिहिले, खाली तिचे कारण लिहिले, 'ही रडत नाही', आणि डबा बंद केला.